दोन उपचारांची तुलना आणि गृहीतक चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या थिसिसची आकडेमोड तपासताना आणि ओळखीच्या लोकांच्या फायली वाचताना तेच तेच प्रश्न समोर येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण वापरलं आहे: क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन किती उपयोगी पडतं हे तपासणारी, १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली ट्रायल. तिचे आकडे लहान आहेत, वही-पेन घेऊन तुम्हाला स्वतः पडताळता येतील. गोंधळ नको म्हणून रुग्णांवरच्या प्रयोगाला ‘ट्रायल’ आणि आकडेशास्त्रातल्या हिशोबाला ‘चाचणी’ किंवा ‘टेस्ट’ म्हटलं आहे.

१. ज्या औषधाने जास्त रुग्ण बरे झाले ते चांगलं. एवढं सरळ असताना चाचणी कशाला?

दोन्ही गटांना अगदी एकच औषध दिलं तरी निकाल तंतोतंत सारखे येत नाहीत, म्हणून. एखाद्याचा आजार मुळात सौम्य असतो, एखाद्याचं शरीर झुंज देतं, एखादा उशिरा दाखल होतो. असे रुग्ण दोन गटांत कसे विखुरले यावरही थोडाफार फरक पडतोच. चाचणी विचारते ती गोष्ट एवढीच: दिसलेला फरक अशा नुसत्या विखुरण्यातून येऊ शकेल इतका लहान आहे का?

स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि खाटेवरची सक्तीची विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. विश्रांती हाच त्या काळचा प्रचलित उपचार होता. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. म्हणजे ७.३ टक्के आणि २६.९ टक्के. फरक मोठा दिसतो, पण माणसं मोजकीच आहेत. म्हणून हिशोब करावा लागतो.

२. शून्य गृहीतक म्हणजे नक्की काय? आपल्याला जे सिद्ध करायचं त्याच्या उलट का धरायचं?

शून्य गृहीतक म्हणजे ‘दोन्ही उपचारांत काहीच फरक नाही’ असं क्षणभर मानून चालणं. उलट बाजूने सुरुवात करायची कारण ‘फरक नाही’ हे एकच नेमकं विधान आहे आणि त्याच्यावरून हिशोब मांडता येतो. ‘फरक आहे’ म्हटलं की किती, हा प्रश्न उरतोच.

हिशोब असा. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर दगावलेले १८ जण कुठल्याही गटात असते तरी दगावलेच असते. आता १०७ चिठ्ठ्या घ्या, त्यातल्या १८ चिठ्ठ्यांवर फुली मारा, सगळ्या डब्यात घालून नीट ढवळा आणि न बघता ५५ बाहेर काढा. बाहेर आलेल्यांत सरासरी नऊ-सव्वानऊ फुल्या असतील. कधी ७, कधी ११. प्रत्यक्षात मात्र ४ आल्या होत्या. डबा पुन्हा पुन्हा ढवळून हेच करत राहिलात, तर इतका किंवा याहून जास्त एकांगी निकाल शंभर वेळांत जेमतेम एकदा येतो. ही ‘शंभरात एकदा’ म्हणजेच पी-व्हॅल्यू, सुमारे ०.०१. गृहीतक चाचणीचा सगळा गाभा या डब्यात आहे. कुठलंही सूत्र पाठ करण्याआधी विद्यार्थ्यांनी एकदा खरोखर चिठ्ठ्या करून हे बघावं, असा माझा आग्रह असतो.

३. पी-व्हॅल्यू ०.०१ आली म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता १ टक्का, बरोबर?

नाही. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि ती डॉक्टरांकडूनही होते. ‘औषध निरुपयोगी असतं, तर असा निकाल १ टक्का वेळा दिसला असता’ हे पहिलं वाक्य. ‘असा निकाल दिसला, तेव्हा औषध निरुपयोगी असण्याची शक्यता १ टक्का’ हे दुसरं. दोन्ही सारखी वाटतात, पण नाहीत. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. म्हणून ओलं अंगण दिसलं की पाऊसच पडला असं ठरत नाही, कुणीतरी सडाही घातला असेल. दुसऱ्या वाक्यापर्यंत जायचं तर औषधाबद्दल आधीपासून काय माहीत होतं तेही हिशोबात घ्यावं लागतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये या विषयावर खास निवेदन काढलं आणि त्यात हा गैरसमज स्पष्ट शब्दांत खोडला.

पी-व्हॅल्यू फरक किती मोठा आहे तेही सांगत नाही. त्यासाठी फरक आणि त्याची विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) पाहा. आपल्या उदाहरणात मृत्यूंमधला फरक सुमारे २० टक्के-अंकांचा आहे आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ६ ते ३३. म्हणजे हाती आलेली आकडेवारी ६ इतक्या माफक फायद्याशीही जुळते आणि ३३ इतक्या प्रचंड फायद्याशीही. थिसिसच्या निष्कर्षात नुसतं ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ लिहून सोडू नका. हे तीन आकडे लिहा.

४. ०.०५ ही रेषा कुणी ठरवली? ०.०४९ पास आणि ०.०५१ नापास का?

आकडेशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये वीसातून एक ही सीमा सोयीची म्हणून सुचवली आणि ती रुळली. पी तिच्या खाली आली की निकालाला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. तिच्यामागे निसर्गाचा नियम नाही. कणभौतिकीत नवा कण सापडल्याचं जाहीर करायला साधारण ३५ लाखांत एक इतकी कडक रेषा लागते. ०.०४९ आणि ०.०५१ यांत पुरावा म्हणून काहीही फरक नाही. रेषेच्या अल्याड-पल्याड असा निकाल आला तर आकडा जसाच्या तसा लिहा, ‘सिग्निफिकंट होता होता राहिला’ असली शब्दरचना नको.

५. गट चिठ्ठ्या टाकूनच का पाडायचे? डॉक्टरांनी विचारपूर्वक पाडले तर जास्त चांगलं नाही का?

डॉक्टरांचा विचार हीच तर अडचण. जगण्याची आशा जास्त असलेल्या रुग्णाला नवं औषध द्यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. काहींना उलट, अगदी अत्यवस्थ रुग्णाला द्यावंसं वाटतं. दोन्ही भावना माणुसकीच्या आहेत, आणि दोन्हींमुळे गट सुरुवातीलाच असमान होतात. मग शेवटी दिसलेला फरक औषधाचा की निवडीचा, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. प्रश्न २ मधला डबा ढवळण्याचा हिशोब लागू होतो तो गट खरोखर ढवळून पाडले असतील तरच.

१९४७ मध्ये ब्रिटनकडे स्ट्रेप्टोमायसिनचा साठा फार थोडा होता, सगळ्या रुग्णांना पुरणं शक्यच नव्हतं. आकडेशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक (कुठलाही क्रम नसलेल्या) अंकांवरून गट ठरवले आणि ते सीलबंद पाकिटांत ठेवले. रुग्ण ट्रायलमध्ये घ्यायचा हे नक्की झाल्यावरच पाकीट उघडायचं. त्यामुळे पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार याचा आधी अंदाज बांधताच येत नव्हता. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांनाही कुणाला औषध मिळालं ते सांगितलं नव्हतं. आजच्या थिसिसमध्ये ‘सोमवार-बुधवारच्या ओपीडीचे रुग्ण गट अ, मंगळवार-गुरुवारचे गट ब’ असं लिहिलेलं दिसतं. ते यादृच्छिक नव्हे. कोणता रुग्ण कधी बोलवायचा हे कुणाच्या तरी हातात असतंच.

६. माझ्या थिसिससाठी कोणती टेस्ट वापरू?

तुम्ही मोजलंय काय, यावर ते ठरतं. बरा झाला की नाही, जगला की दगावला अशी हो-नाही उत्तरं असतील तर काय-स्क्वेअर. गट आणि निकाल यांच्या कोष्टकातल्या कुठल्याही चौकटीत अपेक्षित संख्या (फरक नसता तर आली असती ती) ५ पेक्षा कमी येत असेल तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन अशी मोजमापं असतील तर टी-टेस्ट. आकडे फार एका बाजूला झुकलेले आणि रुग्ण थोडे असतील तर मॅन-व्हिटनी. किती दिवसांनी आजार उलटला, असा काळ मोजला असेल तर लॉग-रँक.

दोन वाजवी टेस्टची उत्तरं थोडी वेगळी येतात, घाबरू नका. आपल्या उदाहरणात साध्या काय-स्क्वेअरने पी सुमारे ०.००७ येते, लहान संख्यांसाठीची येट्सची दुरुस्ती लावली तर ०.०१४. निष्कर्ष एकच राहतो. मात्र कोणती टेस्ट वापरणार ते आकडे बघण्याआधी प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी योजनेत) लिहा. चार टेस्ट लावून सर्वांत गोड निकाल उचलणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो (प्रश्न ११ पाहा).

७. पेअर्ड आणि अनपेअर्ड टी-टेस्टमुळे एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि याचं उदाहरण टी-टेस्टच्या जन्माइतकंच जुनं आहे. डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही टेस्ट मांडली, तेव्हा त्यांनी १० रुग्णांची आकडेवारी घेतली होती. प्रत्येकाने झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या वेळी घेतली होती. पहिल्याने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

हे वेगवेगळे २० रुग्ण आहेत असं समजून अनपेअर्ड टेस्ट लावली तर टी (सरासरीतला फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा) १.८६ आणि पी जवळजवळ ०.०८ येते. पण माणसं तीच होती. काहींना कुठल्याही औषधाने झोप येते, काहींना कशानेच येत नाही, आणि हा माणसामाणसांतला फरक औषधांमधल्या फरकाला झाकून टाकतो. प्रत्येक रुग्णाची त्याच्याशीच तुलना केली की तो पडदा दूर होतो: टी ४.०६, पी ०.००३. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली होती, उरलेल्या एकाला दोन्हींनी सारखीच.

उपचाराआधीचं आणि नंतरचं मोजमाप, उजवा आणि डावा डोळा, वय-लिंग जुळवून घेतलेल्या जोड्या, अशा ठिकाणी पेअर्ड टेस्ट. बाकी सगळीकडे अनपेअर्ड. आणि एक सावधगिरी: एकाच गटात ‘आधी-नंतर’ची पेअर्ड टेस्ट सिग्निफिकंट आली म्हणून तुमचं औषध दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही. दोन गटांतल्या बदलांची एकमेकांशी तुलना करावी लागते. ही चूक फार थिसिसमध्ये दिसते.

८. फरक सिग्निफिकंट आला नाही. मग ‘दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक’ असं लिहू का?

नका लिहू. त्याच १०७ रुग्णांचा पाच वर्षांनी आढावा घेतला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन गटातले ३२ आणि विश्रांती गटातले ३५ दगावलेले होते. ५८ टक्के आणि ६७ टक्के. पी सुमारे ०.३३. फरकाची विश्वासमर्यादा उणे ९ पासून अधिक २७ टक्के-अंकांपर्यंत. म्हणजे औषधाने पाच वर्षांत शंभरातले २७ जीव वाचत असतील, किंवा उलट ९ जास्त जात असतील. एवढ्या रुग्णांवरून दोन्ही शक्यता खुल्या राहतात. याला ‘सारखे’ म्हणत नाहीत, ‘ठरवता आलं नाही’ म्हणतात.

सहा महिन्यांचा तो मोठा फायदा असा विरघळला यामागचं महत्त्वाचं कारण वैद्यकीय होतं: एकटं औषध दिल्याने जंतू त्याला दाद देईनासे झाले. हे ट्रायल चालू असतानाच लक्षात आलं होतं. त्यातूनच स्ट्रेप्टोमायसिनसोबत पास हे दुसरं औषध देण्याची ट्रायल झाली आणि क्षयावर एकावेळी अनेक औषधं देण्याची पद्धत पुढे आली. आज डॉट्सची गोळ्यांची पाकिटं हाती पडतात त्यामागे हा इतिहास आहे. निकाल कुठल्या दिवशी मोजायचा, हा आकडेमोडीइतकाच मोठा निर्णय असतो.

९. मग स्वस्त किंवा सोपा उपचार महागड्याइतकाच चांगला आहे हे दाखवायचं कसं?

नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल करून. ‘नवा उपचार जुन्यापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त वाईट नाही’ यातला तो ‘अमुक’ आकडा आधी ठरवतात. मग फरकाची विश्वासमर्यादा पूर्णपणे त्या आकड्याच्या आत राहते का ते बघतात. हा आकडा डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून ठरवण्याची गोष्ट आहे. सॉफ्टवेअर तो सुचवू शकत नाही.

असा प्रश्न भारतात फार लवकर विचारला गेला. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षय केमोथेरपी केंद्रात रुग्णांना चिठ्ठ्यांप्रमाणे सॅनटोरियममध्ये (क्षयरुग्णांच्या रुग्णालयात) किंवा स्वतःच्या घरी ठेवून तीच औषधं दिली गेली. घरी राहिलेले रुग्ण गरीब वस्त्यांतले, दाटीवाटीत राहणारे, खाण्यापिण्याची आबाळ असलेले. तरीही घरच्या उपचाराचे निकाल सॅनटोरियमच्या तोडीस तोड निघाले आणि घरच्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर क्षयरुग्णाला घरापासून तोडण्याची पद्धत मागे पडत गेली. त्या काळी नॉन-इन्फिरिऑरिटीचं आजचं तंत्र नव्हतं, पण प्रश्न तोच होता. या विषयातलं मला सर्वांत प्रिय असलेलं काम हे आहे.

१०. किती रुग्ण घ्यावे लागतील? ३०-३० पुरतील ना?

३० हा आकडा कुठून तरी चिकटला आहे, त्याला आधार नाही. किती मोठा फरक पकडायचा आहे त्यावर संख्या ठरते. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २० वर येतं का, हे ८० टक्के पॉवरने आणि ०.०५ च्या रेषेवर बघायचं तर प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण लागतात. ३० वरून २५ वर बघायचं तर सुमारे १२५०. फरक निम्मा केला की रुग्ण चौपटीहून जास्त. ८० टक्के पॉवर म्हणजे तेवढा फरक खरोखर असेल तर पाचपैकी चार वेळा चाचणी तो पकडेल, एकदा निसटेल.

तुमच्या विभागात दोन वर्षांत ६० च रुग्ण मिळणार असतील तर तसं प्रांजळपणे लिहा आणि विश्वासमर्यादा द्या.

११. एकूण निकाल आला नाही, पण स्त्रियांच्या गटात पी ०.०३ आली. हा शोध म्हणता येईल का?

किती उपगट तपासले ते आधी सांगा. औषध पूर्ण निरुपयोगी असलं तरी २० स्वतंत्र तपासण्यांत निदान एक ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

१९८८ च्या आयसिस-२ ट्रायलमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन देऊन पाहिली, रुग्ण १७,१८७. ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे घटले. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे राशीनुसार गट करून दाखवले: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसली, बाकी राशींत भरघोस फायद्याची. (या पाश्चात्त्य सूर्यराशी, जन्मतारखेवरून धरलेल्या.) राशीवर ॲस्पिरिनचा गुण अवलंबून नाही हे त्यांना माहीत होतं. उपगट पाडत गेलं की असले आकडे निघतातच, हे त्यांना वाचकांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. तुमचा स्त्रियांचा उपगट आधीपासून प्रोटोकॉलमध्ये असेल, आणि स्त्री-पुरुषांमधल्या परिणामाच्या फरकाचीच थेट चाचणी (इंटरॅक्शन टेस्ट) केली असेल, तर पुढे बोलू.

हाच नियम मधे मधे निकालात डोकावण्यालाही लागू. दर महिन्याला टेस्ट लावून ०.०५ खाली गेली की ट्रायल थांबवायची, असं केलं तर खोट्या निकालांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या कितीतरी वर जातं. मधली तपासणी करायचीच असेल तर तिच्यासाठी कडक रेषा आधी ठरवतात.

१२. एकूण आकड्यांत एक उपचार सरस, पण गटवार पाहिलं तर दुसरा. असं कसं?

१९८६ च्या मुतखड्याच्या एका अभ्यासात हेच झालं. उघड शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ यशस्वी, ७८ टक्के. पाठीतून छोट्या छिद्रावाटे खडा काढण्यात ३५० पैकी २८९, ८३ टक्के. छिद्राची पद्धत सरस वाटते. आता खड्याच्या आकाराप्रमाणे पाहा. लहान खडे: उघड शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), छिद्र २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: उघड २६३ पैकी १९२ (७३ टक्के), छिद्र ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्हीकडे उघड शस्त्रक्रिया पुढे!

कारण अवघड, मोठे खडे बहुतांशी उघड शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते. एकूण टक्केवारी उपचाराबरोबर खड्याचा आकारही मोजत होती. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. रुग्ण चिठ्ठ्यांनी वाटले गेले नव्हते, म्हणून हे घडलं (प्रश्न ५). रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून उपचारांची तुलना करणाऱ्यांनी हे कोष्टक टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

१३. काही रुग्णांनी औषध मधेच सोडलं. त्यांना हिशोबातून काढू ना?

काढू नका. ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात त्यांना मोजा. हे अन्यायकारक वाटतं, म्हणून एक खरी गोष्ट. अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉलचं औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के होते, अनियमित घेणाऱ्यांत सुमारे २५. औषध उत्तम, असंच वाटेल. पण बिनऔषधाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांतही मृत्यू १५ टक्केच होते आणि अनियमित घेणाऱ्यांत २८! गोळी वेळच्या वेळी घेणारी माणसं मुळातच इतर अनेक बाबतींत वेगळी असतात. सोडणाऱ्यांना वगळलं की चिठ्ठ्यांनी मिळवलेली समानता हातची जाते.

१४. रिपोर्ट सुधारला, पी ०.००१ आली. औषध चांगलं म्हणायला आणखी काय हवं?

रिपोर्ट म्हणजे रुग्ण नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणाऱ्यांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली की ईसीजी सुधारत असे. कास्ट ट्रायलमध्ये मृत्यू मोजले, तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले होते, प्लासिबो (बिनऔषधाची गोळी) घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजीवरची चाचणी गणिताने बरोबरच होती, विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

१५. आयुर्वेदात प्रत्येक रुग्णाला प्रकृतीप्रमाणे वेगळं औषध देतात. तिथे ही पद्धत लागूच होत नाही ना?

होते. एका औषधाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी ‘वैद्यांनी तपासून, त्यांना योग्य वाटेल ते द्यावं’ या संपूर्ण पद्धतीची दुसऱ्या पद्धतीशी तुलना करता येते. कोणत्या रुग्णाला काय दिलं हे वैद्यांनीच ठरवावं. तो कुठल्या गटात जाणार हे मात्र चिठ्ठीने ठरावं आणि गुण आला का हे गट माहीत नसलेल्या तिसऱ्याच माणसाने मोजावं. कुठल्याही पॅथीची ट्रायल असो, भारतात ती पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये नोंदवायची असते. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली. मोजायचं काय ते तिथे आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रश्न ११ मधली पळवाट बंद होते.

१६. हे सगळं ठीक, पण माझ्या आईसाठी दोनपैकी कोणतं औषध घ्यायचं?

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पहिली: किती जणांना औषध दिल्यावर एकाला जास्तीचा फायदा होतो? स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये हा आकडा सहा महिन्यांसाठी ५ होता: पाच जणांना औषध दिलं की एक मृत्यू टळत होता. बाकीचे चौघे औषधाशिवायही जगले असते किंवा औषध देऊनही दगावले असते. ‘मृत्यू ७३ टक्क्यांनी घटले’ या वाक्यापेक्षा हे समजायला सोपं आहे, आणि दोन औषधांचे असे आकडे शेजारी ठेवता येतात.

दुसरी: ट्रायलमधले रुग्ण आईसारखे होते का? त्या १०७ जणांचं वय १५ ते ३० होतं, सगळ्यांना दोन्ही फुप्फुसांचा वेगाने वाढणारा क्षय होता. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या बाईंबद्दल ती ट्रायल थेट काही सांगत नाही. स्ट्रेप्टोमायसिनने कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा होऊ शकते. पंचविशीतला माणूस त्यातून सावरून चालू लागतो. सत्तरीत न्हाणीघरात तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. तेव्हा वय, मूत्रपिंडाचे रिपोर्ट, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या आणि घरी सोबत कोण असतं, एवढं कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा.